हवेची तहान

चैत्र सरत आलाय. दुपारचे अडीच वाजलेत. पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरचं घर, पूर्वेची खिडकी, आणि खिडकीशी फॅलेनॉप्सिसची कुंडी. नर्सरीत हिला नुसतं ऑर्किड म्हणतात. तुमच्या हातात पाण्याचा तांब्या असेल, तर तो खाली ठेवा. स्टूल ओढून तिच्याजवळ बसा. थोडा वेळ काहीही करायचं नाही.

आधी स्वतःच्या ओठांवरून जीभ फिरवा. तडतडलेत ना? नाकातून सावकाश श्वास आत घ्या आणि तो आत जाताना कुठे टोचतो ते बघा. आता स्वयंपाकघरात जाऊन माठाच्या पोटावर तळहात टेकवा. या दिवसांत माठाचं पाणी फार गार लागतं, कारण कोरडी हवा त्याच्या अंगावरचा ओलावा भराभर उचलते आणि उचलताना उष्णताही घेऊन जाते. श्रावणात हाच माठ नावालाच गार करतो. तळहाताला लागलेला तो गारवा लक्षात ठेवा आणि परत कुंडीपाशी या. जी हवा माठातून पाणी ओढते आहे, तीच या मुळांतून, पाकळ्यांतून आणि दांड्यावरच्या चार कळ्यांतूनही ओढते आहे.

टोकाची कळी बघा. हरभऱ्याएवढी. हात लावू नका, नुसती बघा. देठाशी हिरवा रंग फिका होत पिवळसर झालाय आणि सालीवर बारीक सुरकुती धरली आहे. ही कळी उद्या-परवा गळेल. खालच्या तिन्ही अजून घट्ट, तुकतुकीत आहेत. त्यांच्यासाठी आपण बसलो आहोत.

माझ्या पहिल्या झाडाच्या कळ्या अशाच पिवळ्या पडल्या तेव्हा मी समजले, झाडाला तहान लागली. रोज पाणी घालत गेले. कळ्या गळायच्या थांबल्या नाहीत. महिन्याभराने कुंडी उपडी केली तर मुळं मऊ पडलेली. बोटांत धरली की पाणी सुटायचं, साल निसटून यायची आणि हातात दोऱ्यासारखा एक धागा उरायचा. ते झाड गेलं. तहान हवेला लागली होती आणि मी पाणी मुळांना पाजत होते. आजही उन्हाळ्यात तांब्या उचलताना मला ते धागे आठवतात.

आता कुंडीबाहेर आलेलं एखादं मूळ निवडा. रुपेरी, राखाडी, शिसपेन्सिलीएवढं जाड. बोट पाण्यात बुडवून त्यावर दोन थेंब सोडा. थांबा. थेंब ओघळत नाहीत, जिरतात, आणि जिथे जिरले तिथे रुपेरी रंगाखालून हिरवा वर येतो. मुळावरचा हा थर म्हणजे वेलामेन. त्याच्या पेशी मेलेल्या असतात, आतून पोकळ, स्पंजासारख्या. पाणी भरलं की थर पारदर्शक होतो आणि आतलं जिवंत हिरवं मूळ दिसू लागतं. मूळ रुपेरी दिसलं की पाणी घालायचं, हिरवं असलं की थांबायचं. कुंडीच्या पाण्याचा हिशोब एवढ्यात संपतो. हवेचा हिशोब निराळा.

ही मुळं मातीत राहायला जन्मलेलीच नाहीत. ब्लूम नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५मध्ये जावाजवळच्या बेटावरच्या अशाच एका झाडावरून या प्रजातीला पतंगासारखं दिसणारं अशा अर्थाचं ग्रीक नाव दिलं. इंडोनेशियात त्या फुलाला ‘अंग्रेक बुलान’, चंद्राचं ऑर्किड म्हणतात. १९९३पासून ते त्यांच्या राष्ट्रीय फुलांपैकी एक आहे. तिथल्या रानात ते फांदीला धरून लोंबतं. सर येते, मुळं भिजतात, वारा येतो, सुकतात, आणि भोवतीची हवा मात्र ओलसरच राहते. आपल्याकडे आंब्याफणसावर वाढणारी सीतेची वेणी फाल्गुन-चैत्राचे कोरडे आठवडे जाड पानांवर काढते. बेटावरून आलेल्या या पाहुणीला ती सवय नाही.

खिडकीशी हवेतला ओलावा मोजणारा छोटा हायग्रोमीटर असला तर त्यावर नजर टाका. २९ टक्के. पहाटे तोच ५५ दाखवत होता. मधल्या वेळात पाणी कुठे गेलं? कुठेच गेलं नाही. पहाटे खोलीत २४ अंश होते, आता ३६ आहेत. हवा तापली की तिची भूक वाढते. तेवढंच पाणी तिला अर्धपोटी वाटू लागतं. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंचीच्या या खोलीतल्या हवेत सगळं मिळून जेमतेम दोन फुलपात्री पाणी आहे. डोळे मिटून ते मनाशी धरा. तुम्ही, ही कुंडी, भिंती, पुस्तकं, सगळे त्या दोन फुलपात्र्यांत जगताहात. पुन्हा ५५वर यायचं तर जवळजवळ आणखी दोन लागतील, तीही दारंखिडक्या बंद असतील तर.

हे कळलं की स्प्रेची बाटली आपोआप खाली ठेवली जाते. दोन-चार फवाऱ्यांत पाव वाटीही पाणी नसतं आणि काही मिनिटांत त्याचा मागमूस उरत नाही. कोंबात साचलेला थेंब मात्र राहतो, आणि कोंब कुजतो तो त्यानेच. मी फवारणं सोडून दिलं आहे. खडे घालून पाणी भरलेलं ताट कुंडीखाली ठेवते, पण त्याचा उपयोग थोडाच. चार झाडं जवळजवळ ठेवली की एकमेकांचा ओलावा एकमेकांना मिळतो. खिडकीच्या दांडीवर ओला पंचा, किंवा जुन्या घरांतला वाळ्याचा पडदा. त्यावर पाणी मारलं की सुगंधासकट खरोखरीचा ओलावा खोलीत येतो. कूलर असेल तर झाड त्याच खोलीत ठेवा, झोतापासून दूर. एसीच्या खोलीत नको. बाहेर त्याच्या नळीतून ठिबकणारं पाणी बघा, ते याच हवेतून काढलेलं असतं.

पन्नास ते सत्तर टक्के, एवढं हिला पुरे. आषाढात पापड सादळायला लागले की यातलं काही करायचं नाही. तेव्हा पाकळ्यांवर तपकिरी ठिपके येतात आणि बुरशीला अडवायला हलता वारा लागतो. पंखा मंद ठेवायचा, एवढंच.

दिवे मालवल्यावर पुन्हा या. अंधारात बसा. दुपारभर या पानांची रंध्रं मिटलेली होती. ती आता उघडतात, कारण हे झाड हवा आत घेतं ते रात्री. खोली निवते आहे. आकडा ३८, मग ४३. तुमचा श्वास बाहेर पडतो तो ओला असतो, आणि तोही त्या दोन फुलपात्र्यांत मिसळतो. पंच्याचा वास येतोय. घाई नाही.

पहाटे उठलात तर कापसाची वात घेऊन या. कोंबाच्या खोबणीत रात्री कुठून तरी थेंब आला असेल, तर वातीचं टोक त्याला लावा आणि तो वर चढताना बघा. मग दांड्याकडे. टोकाची हरभऱ्याएवढी कळी खाली ताटात पडली आहे. खालून पहिलीची शिवण मात्र उसवली आहे आणि फटीतून पांढरं दिसतंय.