एका देहात जीव किती?

उजेडात राहिलेला बटाटा काही दिवसांत हिरवट पडतो. त्याच्या पेशींत स्टार्च साठवणारी रंगहीन लवके असतात. प्रकाश लागला की तीच हरितद्रव्य तयार करून हरितलवके होतात. जैन आचार काटेकोर पाळणाऱ्या घरात मात्र बटाटा मुळात शिजतच नाही. जैन दर्शन कंदमुळांना ‘अनंतकाय’ मानते: शरीर एक, त्यात जीव अनंत. एका देहात एकच जीव असलेल्या वनस्पती निराळ्या, ‘प्रत्येक’ वर्गातल्या.

एका देहात नांदणारे किती, हा प्रश्न जीवशास्त्रापुढेही आला, आणि तो हरितलवकामुळे.

1905 मध्ये कॉन्स्टान्टिन मेरेश्कोव्स्की या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने मांडले, की हरितलवक हे पेशीचे मूळचे अंगच नव्हे. तो बाहेरून येऊन वस्तीला राहिलेला जीव आहे. फारसे कोणी मनावर घेतले नाही. 1967 मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी हा विचार नव्याने पुढे आणला, तोही अनेक नियतकालिकांनी लेख परत पाठवल्यानंतर. आज पुरावा भक्कम आहे. हरितलवकाला स्वतःचा डीएनए आहे, भोवती दोन आवरणे आहेत, आणि पेशीला ते शून्यातून घडवता येत नाही. आधीचे हरितलवक किंवा त्याच्याच जातीचे लवक दुभंगले तरच नवे मिळते. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी एका पेशीने सायनोबॅक्टेरियम गिळला, पण पचवला नाही. सगळी झाडे त्या पेशीची वंशज.

मग हरितलवक आजही वेगळा जीव मानायचा का? युग्लीना या एकपेशीय जीवाला स्ट्रेप्टोमायसिन दिले तर त्याची हरितलवके नाहीशी होतात. तयार अन्न मिळाले की तो तसाच जगतो. पुढच्या पिढ्याही रंगहीनच. म्हणजे पेशीचे हरितलवकावाचून भागू शकते. हरितलवकाचे पेशीवाचून अडते, कारण पूर्वजाच्या हजारो जनुकांपैकी त्याच्यापाशी शे-दोनशेच उरली. बाकीची काही केंद्रकात गेली, काही हरवली. मलेरियाच्या परजीवीत आणखी वेगळा प्रकार. त्याच्यातले लवक प्रकाशसंश्लेषण पार विसरले आहे, तरी ते नष्ट झाले की परजीवी मरतो.

विज्ञानाने जैन शास्त्र सिद्ध केले, असे म्हणण्याची घाई कोणी करू नये. शास्त्रातल्या जीवाचे लक्षण चेतना. ती डीएनएच्या तपासणीत सापडत नाही. त्या दर्शनाला अशा दाखल्याची गरजही नाही. पान खुडण्यापूर्वी थांबून विचार करायची शिस्त त्याने लावली, हे मोठे काम आहे. हरितलवकापुरते उत्तर मात्र देता येते: त्याचा पूर्वज स्वतंत्र जीव होता, ते स्वतः आज नाही. पेशीबाहेर त्याच्या पिढ्या वाढवणे अजून कोणत्याही प्रयोगशाळेला साधलेले नाही.