उद्या आलात तरी चालेल

श्टुटगार्टमधला आमचा दुसरा हिवाळा. नोव्हेंबर लागला आणि मुलीच्या खोलीतला हीटर तापेना. इमारतीचं बघणाऱ्या कचेरीत फोन केला. बाईंनी शांतपणे विचारलं, बाकीच्या खोल्या गरम आहेत ना? मग हे तातडीचं नाही. तारीख मिळाली ती एकोणीस दिवसांनंतरची, वेळ सकाळी आठ ते बारा. फोन ठेवताना मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. पुण्यात नळ गळायला लागला की आई प्लंबरदादांना फोन लावते. "आलोच काकू," म्हणतात, आणि रात्रीचे नऊ वाजले तरी त्याच दिवशी येतात.

एकोणीस दिवस मुलगी आमच्या खोलीत झोपली. ठरल्या दिवशी सव्वाआठला बेल वाजली. दारात पन्नाशीचा कारागीर आणि त्याच्यासोबत एक शिकाऊ मुलगा, सतरा-अठराचा असेल. बुटांवर निळी प्लास्टिकची आवरणं चढवून दोघं आत आले. हीटरची गोल मूठ काढल्यावर आत एक बारीकशी पिन दिसली. उन्हाळाभर न हलल्यामुळे ती आत अडकून बसली होती, त्यामुळे गरम पाण्याची वाट बंद. कारागिराला ते दोन मिनिटांचं काम होतं, पण त्याने हात लावला नाही. त्या मुलाला खाली बसवलं, शेजारच्या खोलीतल्या चांगल्या हीटरची पिन बोटाने दाबून बघायला लावली, मग इथली. स्प्रिंग कुठे उसळते आणि कुठे मेल्यासारखी वाटते, ते त्याच्या बोटाला कळेपर्यंत थांबला. मग तेलाचा थेंब, पकडीने हलकेच मागेपुढे, आणि पाइपातून पाणी वाहू लागल्याचा आवाज आला. जाण्याआधी दोघांनी घरातल्या प्रत्येक हीटरमधली हवा छोट्या किल्लीने काढून दिली. ते मी सांगितलंच नव्हतं.

त्या सकाळपासून माझा राग विरत गेला. इथे हे काम शिकायला साडेतीन वर्षं लागतात, आणि त्या काळात मुलाला कामाचे पैसेही मिळतात आणि शाळाही चालू राहते. एका दिवसाचं काम संपल्यावर दुसऱ्या दिवशीचं सुरू होईपर्यंत सलग अकरा तासांची विश्रांती कायद्याने द्यावी लागते. रविवारची सुट्टी तर जर्मनीच्या १९१९च्या राज्यघटनेत लिहिली गेली आणि १९४९च्या घटनेने ते कलम तसंच पुढे चालू ठेवलं. आजारी पडलं तर सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार. मला मिळालेली ती लांबची तारीख या सगळ्यातून तयार झाली होती. त्या माणसाची संध्याकाळ त्याची स्वतःची होती, म्हणून माझ्या वाट्याला ती येऊ शकत नव्हती.

पण याचं नुसतं कौतुक करायला माझं मन धजत नाही. आमच्या खाली ऐंशी ओलांडलेल्या एक बाई एकट्या राहतात. त्यांच्या स्वयंपाकघराचा दिवा महिनाभर बंद होता, त्या टॉर्च लावून भाजी चिरायच्या. आम्ही तरणी माणसं एका खोलीत दाटीवाटीने झोपू शकतो, त्यांनी काय करायचं? कसबी हात कमी पडताहेत आणि त्याची झळ आधी दुबळ्याला लागते, हेही खरंच आहे. तातडीची सेवा आहे, पण तिचे पैसे पेन्शनीत बसत नाहीत.

तरी माझ्या मनात घर करून राहिलं ते वेगळंच. आपल्याकडची चपळाई आपण माणुसकी समजत आलो, आणि ती काही अंशी आहेही. पण पुण्यातल्या मोलकरणींना पगार आणि सुट्टीसाठी १९८० साली संप करावा लागला होता. हाकेला ओ देणाऱ्याला "आज नाही" म्हणायची सोय आहे का, हे आम्ही घरात कधी बोललो नाही. प्लंबरदादा एकदा रविवारी रात्री आले तेव्हा स्कूटरवर पुढे त्यांचा लहान मुलगा पेंगत उभा होता. मी त्याला बिस्किटं दिली होती. तो इतक्या रात्री बरोबर का आहे, हे विचारलं नव्हतं.

गेल्या डिसेंबरात घरी गेले होते. बाथरूमचा नळ गळत होता, बादली लावली की भागत होतं. मी दादांना फोनवर म्हटलं, "घाई नाही, उद्या आलात तरी चालेल." अर्ध्या तासात ते दारात. मी म्हटलं, अहो, उद्या चाललं असतं. चप्पल काढता काढता ते म्हणाले, "उद्या दुसरं काम आलं तर तुमचं राहील, ताई. आणि नाही आलं तर उद्याचाही दिवस जाईल आणि आजचाही."

मग नळाखाली वाकले आणि पाना मागितला. तो त्यांच्या पिशवीत नव्हता, आईने आमचा दिला.