न जाणण्याचा अधिकार

अमेरिकेतील लाँग आयलंड बेटावर, ईस्ट हॅम्प्टनहून अमागानसेटकडे जाणाऱ्या रानातल्या रस्त्याने, आपल्या वैद्यव्यवसायी वडिलांबरोबर गाडीतून निघालेल्या एका बालकास दोन स्त्रिया समोरून येताना दिसल्या. त्या मायलेकी होत्या, दोघीही उंच, कृश, जवळजवळ प्रेतवत, आणि दोघींचीही शरीरे चालता चालता वाकत, पिळवटत होती. वडील थांबून त्यांच्याशी दोन शब्द बोलले आणि गाडी पुढे गेली. बालकाच्या मनातून ते दृश्य मात्र जन्मभर गेले नाही. त्याचे नाव जॉर्ज हंटिंग्टन. १८७२ साली, वयाच्या २२व्या वर्षी, अनैच्छिक हालचालींच्या कोरिया नामक विकारावरील निबंधाच्या अखेरच्या काही परिच्छेदांत त्याने ज्या वंशपरंपरागत व्याधीचे वर्णन केले, ती आज त्याच्याच नावाने ओळखली जाते.

त्याच्या निरीक्षणात इतकी खोली आली, कारण त्याचे वडील आणि आजोबा त्याच गावात वैद्यकी करीत आलेले होते, आणि त्यांच्या अनुभवाचे दप्तर त्याला आयते उपलब्ध होते. रोग्यांच्या अनेक पिढ्या कळण्यास वैद्यांच्याही तीन पिढ्या खर्ची पडल्या. मातापित्यांपैकी एकास रोग असेल तर तो संततीत उतरू शकतो, परंतु एखादे अपत्य त्यातून सुटले की तो धागा तुटतो आणि त्या अपत्याची संतती निर्भय होते, हे त्याने नोंदवले. मेंडेलच्या आनुवंशिकतेवरील संशोधनाकडे जगाचे लक्ष जाण्यास तेव्हा २८ वर्षे अवकाश होता.

रोगाचे कारण उलगडले ते १९९३ साली. आपल्या चौथ्या गुणसूत्रावरील एका जनुकात सी, ए, जी या तीन रासायनिक अक्षरांची एक पुनरावृत्ती असते. सामान्य मनुष्यात ती २६ वा त्याहून कमी वेळा येते. ४० वा अधिक वेळा आली तर, पुरेसे आयुष्य लाभल्यास, रोग बहुधा अटळ असतो. वाढलेल्या अक्षरांमुळे एक प्रथिन विकृत होते आणि मेंदूच्या गाभ्यातील पेशी हळूहळू नाश पावतात. हातपाय आपले ऐकेनासे होतात, स्वभाव पालटतो, विचारशक्ती मंदावते. प्रत्येक अपत्यास धोका निम्मा, आणि थोरल्यावर आला म्हणून धाकटा बचावत नाही. पण याहून क्रूर गोष्ट काळाची आहे: लक्षणे बहुधा ३० ते ५० या वयात दिसू लागतात, म्हणजे लग्न झालेले असते, मुले झालेली असतात, आणि मग आपण वारशात काय दिले हे कळते.

असे ज्ञान सत्तेच्या हाती पडले की काय होते, याचा पुरावा इतिहासात आहे. १९३३ साली जर्मनीच्या नाझी राजवटीने आनुवंशिक रोग्यांच्या सक्तीच्या वंध्यीकरणाचा जो कायदा केला, त्याच्या यादीत या व्याधीचे नाव होते. ज्यांनी काहीही गुन्हा केला नव्हता, त्यांच्या रक्तालाच आरोपी ठरवणारे ते फर्मान होते. म्हणून मी स्पष्ट म्हणतो, की रोगाविषयीचे ज्ञान सर्वांचे आहे, परंतु माझ्या शरीरात काय लिहिले आहे ते जाणण्याचा, अथवा न जाणण्याचा, अधिकार केवळ माझा आहे. हे सदोष जनुक आपल्यात आहे का, हे सांगणारी चाचणी उपलब्ध होण्यापूर्वी ती करून घेऊ असे सांगणाऱ्यांची संख्या मोठी होती. प्रत्यक्षात धोका असलेल्यांपैकी थोड्यांनीच ती करून घेतली. याला मी भीरुता म्हणणार नाही. ज्या ज्ञानावर उपाय नाही, ते स्वीकारण्याची सक्ती न्याय्य कशी ठरेल?

हे जनुक सापडले ते कोणाच्या बळावर, हेही विसरू नये. व्हेनेझुएलातील माराकायबो सरोवराच्या काठच्या गावांत हा रोग फार मोठ्या प्रमाणावर आहे; अमेरिको नेग्रेते या डॉक्टरांनी १९५५ साली तो ओळखला होता. १९७९ पासून संशोधक नॅन्सी वेक्सलर तेथे जाऊ लागल्या. त्यांची स्वतःची आई याच व्याधीने १९७८ साली निवर्तली होती, आणि त्यांच्या स्वतःच्या वाट्यालाही तो निम्मा धोका होताच. गावकरी रक्त व त्वचेचा तुकडा देण्यास कचरत होते, तेव्हा वेक्सलरनी स्वतःच्या हातावरची तशाच तपासणीची खूण दाखवली. मग लोकांनी हात पुढे केले. अशा रीतीने १८,००० हून अधिक माणसांची वंशावळ तयार झाली. १९८३ मध्ये चौथ्या गुणसूत्राकडे बोट दाखवणारी खूण सापडली, आणि पुढे दहा वर्षांनी जनुक हाती लागले. दरिद्री मासेमारांनी जगाला ते दान दिले. त्यांच्या पदरात त्याबदली जे पडले ते अत्यल्प आहे, आणि रोग थांबवणारे औषध आजही नाही.

हा रोग भारतातही आहे. घराण्यातील असे दुखणे सोयरीक जुळवताना दडवले जाते, आणि सून म्हणून आलेल्या मुलीस ते पतीच्या चाळिशीत कळते. ही फसवणूक आहे. न जाणण्याचा अधिकार स्वतःपुरता असतो. घराण्यात काय आहे, हे जोडीदारापासून लपवण्याचा परवाना तो देत नाही. म्हणून ज्यांच्या कुटुंबात असे दुखणे असेल, त्यांनी लग्नापूर्वी ते सांगावे. चाचणीचा निर्णय मात्र ज्याचा त्याला घेऊ द्यावा, आणि त्यापूर्वी जाणत्या समुपदेशकाशी बोलावे.

वेक्सलर यांनी स्वतःच्या चाचणीविषयी अनेक वर्षे मौन पाळले. आपल्यालाही हा विकार आहे, हे त्यांनी २०२० साली, वयाच्या ७४व्या वर्षी, स्वतःच जाहीर केले.