पुढचा उभा आहे म्हणून

तर्कशास्त्र शिकवण्यात माझी ३१ वर्षं गेली. त्यातला ‘अनवस्था’ हा दोष समजावून सांगताना दर वर्षी माझी त्रेधा उडायची. पृथ्वी शेषाच्या डोक्यावर, शेष कासवाच्या पाठीवर, मग कासव कशावर? असं विचारत विचारत जायचं आणि थांबायला कुठं जागाच मिळाली नाही, की न्यायशास्त्र म्हणतं ही अनवस्था झाली, हा युक्तिवाद टिकत नाही. मी फळ्यावर कासव काढायचो आणि मागच्या बाकावरची पोरं खिडकीतून मैदान बघायची. निवृत्त झाल्यावर मला याहून चांगलं उदाहरण मिळालं, पण तोवर शिकवायला वर्ग उरला नव्हता.

मुलगी-जावई इंग्लंडच्या उत्तर भागात राहतात. आम्ही कोल्हापूरचे, त्यातून मंगळवार पेठेतले, म्हणजे फुटबॉल दाखवल्याशिवाय आम्हाला परत कसं पाठवायचं, असं जावयाला वाटलं. त्यानं बरेच पाउंड मोजून चार तिकिटं आणली. क्लबचं नाव सांगत नाही. गाऱ्हाणं सांगायचं असलं की नाव घेऊ नये. माझा उजवा गुडघा बदललेला. हिची, म्हणजे माझ्या बायकोची, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. खुर्च्या नंबराच्या, उठलं की आपोआप मिटणाऱ्या. आम्ही थर्मास मांडीवर घेऊन व्यवस्थित बसलो. शिट्टी वाजली आणि समोरचा अख्खा भाग उभा राहिला. आता बसतील, मग बसतील, म्हणत वीस मिनिटं गेली. तोवर मी फक्त एका जाकिटाची पाठ बघितली. तिच्यावरची शिवण मला अजून आठवते.

शेवटी मी त्या जाकिटाला हळूच बोट लावलं. माणूस दांडगा, मानेवर गोंदलेलं, पण वागायला अगदी मऊ. दोनदा माफी मागितली आणि म्हणाला, मी बसलो असतो हो, पण माझ्या पुढचा उभा आहे. खरंच होतं ते. त्याच्या पुढच्याला मुलीनं विचारलं, तर त्याच्याही पुढचा उभा होता. माझ्यातला मास्तर जागा झाला. मध्यंतरात मी मुलीला म्हटलं, पायऱ्या उतरून अगदी खालच्या रांगेपर्यंत विचारत जा. ‘बाबा, लाज आणता तुम्ही,’ असं म्हणत ती गेली. नऊ रांगा आणि उत्तर एकच. इथं मात्र कासवाखाली जमीन होती. पहिल्या रांगेपुढं जाहिरातीची फळी आणि फळीपुढं हिरवळ. तिथं मफलर गुंडाळलेला एक म्हातारा उभा होता, माझ्याच वयाचा. त्याला पुढचा कुणी नाही. तो का उभा? त्यानं मुलीला सांगितलं, ‘मागचे सगळे उभे आहेत ना. मी एकटा बसलो तर बरं दिसत नाही.’

हे ऐकून मला एवढा आनंद झाला की जावई गोंधळून गेला. ही अनवस्था नव्हतीच. मागचा पुढच्यामुळं उभा, पुढचा मागच्यामुळं उभा, म्हणजे शेपूट तोंडात धरलेला साप. नैयायिक याला चक्रक म्हणतात. अनवस्थेत निदान कारण दूर कुठंतरी आहे असा भास तरी असतो. चक्रकात कारणच नसतं, तरी हजार माणसं दीड तास उभी राहतात आणि प्रत्येकाकडं खरी सबब असते.

उत्तरार्धात पिवळ्या जाकिटातला एक स्टुअर्ड दोनदा पायऱ्यांवरून गेला. बसायच्या भागात खेळ चालू असताना उभं राहू नये, सारखं उभं राहणाऱ्याला बाहेर काढता येतं, असा नियम तिथल्या मैदानांवर असतो. त्यानं आमच्याकडं बघितलं, गर्दीकडं बघितलं आणि खांदे उडवले. हजार लोकांना बाहेर कोण काढणार?

हा नियम आला कुठून, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. जावयानं आम्हाला लिव्हरपूलला नेलं. अ‍ॅनफिल्डच्या बाहेर एक स्मारक आहे, त्यावर हिल्सबरोत गेलेल्या ९७ जणांची नावं आहेत. १५ एप्रिल १९८९, शेफिल्डचं हिल्सबरो मैदान, लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा एफए कपचा उपांत्य सामना. उभं राहायच्या भागाला तेव्हा समोरून आणि बाजूंनी लोखंडी जाळ्या असत, कोंडवाड्यासारख्या. बाहेर दाराशी गर्दी तुंबली म्हणून पोलिसांनी एक मोठं दार उघडलं, पण आत गेलेला लोंढा आधीच भरलेल्या मधल्या कोंडवाड्यांकडं वळू नये म्हणून काही केलं नाही. ३ वाजून ६ मिनिटांनी खेळ थांबवला, तोवर जाळीला चिकटून माणसं मेली होती. सगळ्यांत लहान मुलगा १० वर्षांचा. सत्त्याण्णवावा माणूस तेव्हाच्या दुखापतींनी २०२१ मध्ये गेला. दोष मात्र वर्षानुवर्षं दारू प्यालेल्या प्रेक्षकांवर टाकला गेला. प्रेक्षकांची चूक नव्हती आणि हे मृत्यू बेकायदा होते, असं ज्यूरीनं म्हणायला २०१६ साल उजाडलं.

त्या दुर्घटनेनंतर न्यायमूर्ती टेलर यांचा अहवाल १९९० मध्ये आला आणि वरच्या दोन विभागांतल्या मैदानांवर सगळीकडं खुर्च्या आल्या. म्हणजे माझ्या मांडीखालची ती मिटणारी खुर्ची सोयीसाठी नव्हती. तिच्यामागं ९७ माणसं होती. तरी मला वाटतं, चूक दाराशी झाली आणि शिक्षा पायांना झाली. उभं राहणाऱ्यांना मारलं ते उभं राहण्यानं नव्हे, ढिसाळ बंदोबस्तानं. तिथल्या सरकारलाही तीसेक वर्षांनी हे थोडं पटलेलं दिसतं. २०२२-२३ च्या हंगामापासून परवाना घेतलेल्या मैदानांवर खास जागा केल्यात. प्रत्येक खुर्चीपुढं लोखंडी कठडा, आपल्या खुर्चीपुढंच उभं राहायचं. जर्मनीत डॉर्टमुंडला तर एका बाजूला पंचवीसेक हजार माणसं उभीच असतात. तिथं जाऊन कुणी ‘अहो, बसा ना’ म्हणत नाही. म्हटलं तर हसं त्याचंच होईल.

लिव्हरपूलहून परत येताना गाडीत मी मैदानावरच्या त्या उभ्या मंडळींवर तावातावानं बोलत होतो. ही मागच्या सीटवरून म्हणाली, ‘अहो, तुम्ही आरती बसून म्हणता का?’

मी गप्प झालो. ज्या बाईला ९० मिनिटांत एक गोलसुद्धा दिसला नव्हता, तिनं हे विचारावं! पण प्रश्न बिनतोड होता. ती माणसं गात होती. बसून गाता येतं, पण तसं नाही. छाती मोकळी होत नाही, हात वर जात नाहीत. आपल्या विठोबाचंच बघा, अठ्ठावीस युगं उभा आहे आणि त्याला भेटायला येणारे बारीत तासन् तास उभे. पुंडलिकानं वीट फेकली ती ‘जरा थांब’ म्हणून, आणि देव थांबला तो उभ्यानंच. उभं राहण्यात निष्ठा आहे, हे मराठी माणसाला इंग्रजानं सांगायला नको. त्या जाकिटवाल्याचा बाप बहुधा त्याच मैदानावर उभा राहत असेल. त्याला माझी थर्मास घेऊन बसलेली मूर्ती सिनेमाला आलेल्या गिऱ्हाइकासारखी वाटली असेल, तर त्यात त्याचं काय चुकलं?

हिला उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. ते असं की, आरतीत आजी बसते. सगळं घर उभं असतं, आजी खुर्चीत असते आणि तिला कुणीतरी पुढं, देवाच्या समोर आणून बसवलेलं असतं. जिला उभं राहता येत नाही तिला पुढची जागा, हे कुणी शिकवत नाही, आपोआप होतं. मैदानावर हे होत नाही, कारण तिथं जागेला नंबर आहे. नंबर म्हणजे न्याय, असं आपण धरतो. पण त्या न्यायात आजीला पुढं सरकवायची सोय राहत नाही, आणि मग तिची जबाबदारी नेमकी तिच्या पुढच्या माणसाच्या पाठीवर येऊन पडते.

उठलेल्याला आपल्याकडं बसवतात कसं, ते वारीतल्या रिंगणात बघा. अश्व धावायचा असतो, लाखो डोळे त्या एका मिनिटावर लागलेले. पुढचे मातीत बसतात, त्यांच्या मागचे गुडघ्यावर, मग उभे. मधेच कुणी उठलं की चहूकडून ‘बसा माउली, बसा’ असा गजर होतो. हुकूम असतो, पण त्यात ‘माउली’ असतं, म्हणून बसणाऱ्याला अपमान वाटत नाही. आमच्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर भाषा जरा वेगळी. पाटाकडील असो, खंडोबा असो की दिलबहार, आमच्या संघांच्या नावात तालीम असते, कारण पेठेच्या तालमींतूनच हा खेळ वाढला. तिथं पायरीवर कुणी उठल्यामुळं मागच्याला दिसायचं बंद झालं की आवाज येतो, ‘ए, खाली बस की! काचंचा हाईस व्हय रं?’ अर्थ माउलीचाच.

उभं राहणाऱ्या सगळ्यांना मी एका मापानं मोजत नाही. गोल होतो तेव्हा माणूस उठत नाही, उठवला जातो. भरतमुनींनी सात्त्विक भाव आठ सांगितले. रोमांच, अश्रू, कंप, असे जे ठरवून आणता येत नाहीत आणि दाबूनही राहत नाहीत. मुनी शाहू स्टेडियमवर एखादा अंतिम सामना बघून गेले असते, तर त्यांनी नववा घातला असता. त्या उठण्याला माझी पूर्ण माफी आहे, मग पुढचा माझ्या थर्मासवर पडला तरी. पण स्वतःला जरा जास्त दिसावं म्हणून उठणं हे वेगळं. फ्रेड हर्श नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९७६ च्या आपल्या पुस्तकात हेच दाखवलं की सगळेच टाचा उंचावून उभे राहिले तर कुणालाच जास्त दिसत नाही. मी त्यात एवढीच भर घालीन की सगळ्यांना सारखंच दिसतं, हेही खरं नाही. सहाफुट्याला पूर्वीइतकंच दिसतं. पाच फुटांना दोन बोटं कमी असलेल्या बाईला दिसायचं बंद होतं. तोटा नेहमी रांगेतल्या सगळ्यांत बुटक्याचा, सगळ्यांत म्हाताऱ्याचा आणि पोराचा असतो.

आणि हे चक्र सोडवण्याची एकच जागा आहे, पहिली रांग. तिलाच काही नुकसान नाही. ती बसली तरी तिला सगळं दिसतं. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात श्रेष्ठ माणूस वागतो तसं लोक वागतात असं सांगितलंय. आम्ही ते नेहमी राजाला, पुढाऱ्याला लावतो. मला आता मफलरवाला म्हातारा दिसतो. त्याला ठाऊकही नाही की तो श्रेष्ठ आहे.

इथवर लिहून मी हे टिपण बाजूला ठेवलं होतं. गेल्या हंगामात शाहू स्टेडियमवर सामना होता, दोन पेठांचा, बरोबरीत सुटत आलेला. शेवटच्या मिनिटांत पेनल्टी मिळाली आणि माझ्या पुढची पायरी उभी राहिली. बदललेल्या गुडघ्यासकट मीही उभा राहिलो, कधी ते कळलंही नाही. मागून शर्ट ओढला गेला. दहा-बारा वर्षांचं पोरगं.

‘आजोबा, बसा की. दिसंना झालंय.’

‘अरे, पुढचा उभा आहे—’ मी म्हणालो आणि माझं मलाच ऐकू आलं.

मी बसलो. पुढं पाठीच पाठी होत्या. मागं त्या पोरानं माझ्या खांद्यावर हात रोवला आणि ते माझ्यावरून वाकून बघायला लागलं. शिट्टी वाजली. क्षणभर सगळं स्टेडियम गप्प. मग त्याच्या बोटांनी माझा खांदा असा काही आवळला, की निकाल मला तिथंच कळला.

‘गेली आजोबा, गेली! वरनं गेली!’

पेनल्टी हुकलेली पेठ हिचं माहेर होतं. घरी जाऊन मी ते लगेच सांगितलं नाही.