विटेवरचा पाहुणा



पंढरीचा देव हा मुळात पाहुणा आहे, ही गोष्ट नित्याच्या दर्शनामुळे आपल्या ध्यानातून जाते. द्वारका सोडून तो परमुलखात आला, पुंडलिकाच्या दारी उभा राहिला. घरधनी आईबापांच्या सेवेत गुंतलेला. त्याने ना पुढे येऊन हात धरला, ना पाट मांडला. एक वीट भिरकावली आणि थांबायला सांगितले. देवाने काय केले? ‘आमच्या द्वारकेत असे नसते,’ असे तो म्हणाला नाही. मिळाली ती वीट पायाखाली घेतली, हात कमरेवर ठेवले आणि उभा राहिला. कीर्तनात आम्ही पुंडलिकाची मातृपितृभक्ती नेहमी गातो. आज मात्र या पाहुण्याकडे पाहावे असे मनात आहे.

यजमानाचा धर्म शास्त्रांनी भरपूर सांगितला आहे. अतिथीला देव मानावे, ही आज्ञा तैत्तिरीय उपनिषदात आहेच. पण पाहुण्याचा धर्म कोणता? आणि पाहुणा जर आठ दिवसांचा नसून जन्माचा असेल, उतारवयात परक्या देशी घर करून राहिला असेल, तर त्याने कसे वागावे? हा प्रश्न आम्हांला पडला त्याचे कारण सांगतो.

आमचे एक बालमित्र आहेत. जन्म सगळा बोटीवर इंजिनियर म्हणून गेला. पत्नी वारल्यावर ते थायलंडात, उत्तरेकडील चियांग माई या शहरी जाऊन राहिले. गेल्या पौषात त्यांनी फारच आग्रह केला, म्हणून आम्ही पंधरा दिवस तिकडे गेलो. बँकॉकच्या विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. आत शिरलो तर समोर समुद्रमंथनाचा भला मोठा देखावा! एका बाजूस देव, दुसऱ्या बाजूस दानव, मध्ये वासुकी. पुढे कळले की तिथले लोक भेटताच ‘सवात्दी’ म्हणतात, तो आपला संस्कृत ‘स्वस्ति’ शब्द. तिथल्या विद्यापीठातील एका अध्यापकांनी तो रूढ केला आणि १९४३ साली सरकारने त्याला अधिकृत मान दिला. हात जोडतात तेही आपल्यासारखेच. त्याला ते ‘वाय’ म्हणतात. त्यांची जुनी राजधानी अयुथ्या, म्हणजे अयोध्याच. आमच्या मनाने लगेच घेतले, की हे तर आपलेच घर, इथे आम्हांला काय शिकायचे आहे! वाचकहो, पाहुण्याचा पहिला दोष इथेच जन्माला येतो. परके घर परके वाटते तोवर माणूस जपून पाऊल टाकतो. आपले वाटू लागले की पाय पसरतो.

त्या शहरात इंग्लंड, अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रेलिया अशा नाना देशांतले निवृत्त लोक राहतात. वयाची पन्नास वर्षे पुरी झालेल्यास तिकडे निवृत्त म्हणून राहता येते. त्यासाठी आठ लाख बात तिथल्या बँकेत ठेवावे लागतात किंवा महिना पासष्ट हजार बातची मिळकत दाखवावी लागते. बात हे तिथले नाणे. परवानगी एका वर्षाची. दर नव्वद दिवसांनी ‘मी अमुक ठिकाणी राहतो’ अशी वर्दी सरकारात द्यायची. नोकरीधंदा करायचा नाही. जमीन आपल्या नावावर होत नाही. मोठ्या इमारतीतले एखादे बिऱ्हाड तेवढे विकत घेता येते. म्हणजे दहा वर्षे राहा की वीस, तुम्ही पाहुणेच. आम्हांला तर यात वैराग्याचा पाठ दिसला. आपण सगळेच इथे वर्षावर्षाच्या परवानगीने राहतो; त्यांच्या हाती तसा कागद आहे, आपल्या हाती नाही, एवढाच भेद.

पण वैराग्याचा पाठ रोज समोर असला म्हणून तो वाचला जातोच असे नाही. संध्याकाळी मित्राबरोबर कॉफीच्या दुकानात जाऊन बसावे, तर आजूबाजूला कुरकुरीचे भजन चाललेले. कचेरीत फार वेळ बसवले. राष्ट्रीय उद्यानात आमच्याकडून देशी माणसापेक्षा जास्त पैसे घेतले. फाल्गुन-चैत्रात शेते नि डोंगर जाळतात, त्या धुराने डोळे चुरचुरतात. गल्लीतले कुत्रे रात्रभर भुंकते. अन् प्रत्येक वाक्याच्या शेवटी पालुपद ठरलेले: ‘आमच्याकडे असे नाही.’ पाच वर्षांपूर्वी आलेला मनुष्य पाच महिन्यांपूर्वी आलेल्याला अडाणी समजतो. एक जण एका कॉफीवर दुपारभर टेबल अडवतो, दुसरा वाढणाऱ्या मुलीला चुटकी वाजवून हाक मारतो, तिसरा ओळख होताच विचारतो की तुम्हांला पेन्शन किती. आमचे मित्र म्हणाले, “बुवा, यातला एकही दुष्ट नाही. सगळे एकटे आहेत.”

आता तिथले काही शिष्टाचार ऐका, कारण ते ऐकण्यासारखे आहेत. घरात शिरताना जोडे बाहेर. देवळाच्या उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचे. नामदेवरायांची पायरी चुकवून जाणाऱ्या वारकऱ्याला हे शिकवायला नको. बुद्धमूर्तीपुढे तळवे करून बसायचे नाही. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा वाजता राष्ट्रगीत लागले की सार्वजनिक ठिकाणी माणसे आहेत तिथे उभी राहतात. नमस्कारालाही क्रम आहे. धाकट्याने आधी हात जोडायचे, थोरल्याने उत्तर द्यायचे. मान जितका मोठा तितके हात उंच. नवे आलेले परदेशी हौसेने लहान पोरांनाही वाकून नमस्कार करतात, तेव्हा पोरे तोंड लपवून हसतात.

आणि मस्तक पवित्र, पाय हीन. परक्याच्या डोक्याला हात लावायचा नाही.

इथेच आम्ही चुकलो. मित्राच्या इमारतीखाली एक बाई भाताचे पदार्थ विकते. तिचा चार-पाच वर्षांचा मुलगा आमच्या टिळ्याकडे टक लावून पाहत उभा राहिला. चाळीस वर्षांची सवय आमची. कीर्तन संपले की आया लेकरे पुढे करतात, आम्ही डोक्यावर हात ठेवतो. तसाच हात गेला. मुलगा आक्रसला. आईचा चेहरा क्षणभर ताठ झाला, मग लगेच हसरा झाला. वर गेल्यावर मित्राने कारण सांगितले. आम्ही तसेच खाली उतरलो, हात जोडले. ती म्हणाली, “मै पेन राय.” म्हणजे काही हरकत नाही.

आम्ही म्हटले, “झाले, मिटले.” मित्र म्हणाला, “मिटले की नाही, हे तुला कधीच कळायचे नाही. हे लोक हरकत असली तरी हेच म्हणतात. याला ते ‘क्रेंग जाय’ म्हणतात.” ‘जाय’ म्हणजे मन. दुसऱ्याच्या मनाला त्रास होईल या धास्तीने आपले म्हणणे आवरून धरणे, ते क्रेंग जाय. आपल्या मराठीत याला जवळचा शब्द आहे: भीड. कोणी तोंडावर बोलत नाही, रागावत नाही. म्हणून उद्धट पाहुण्याला वाटते, आपले वागणे सर्वांना पसंत आहे. त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. इतक्या वर्षांत किती यजमानांनी भिडेने आमचे काय काय सोसले असेल, याचा हिशेब मन मांडू लागले. उशिरा आलेलो आम्ही, तिखटमिठाला नाव ठेवणारे आम्ही, पेटीवाल्याला चारचौघांत टोचून बोलणारे आम्ही. सगळे म्हणाले, “असू द्या बुवा.” आम्ही ते खरे मानले.

त्याच इमारतीतली आणखी एक हकीकत आहे. शेजारी-शेजारी दोन परदेशी म्हातारे, दोघेही एकटे. एकाला कमी ऐकू येई, म्हणून त्याचा दूरदर्शन संच मोठ्याने चाले. दुसरा भिंतीवर ठोके मारी. दोन वर्षे हेच. आधी बोलणे थांबले, मग पाहणे थांबले, उरली ती भिंत. एका रात्री पहिला न्हाणीघरात पडला, मांडीचे हाड मोडले. उठता येईना. त्याने हातातल्या चपलेने भिंत ठोकली. बराच वेळ ठोकली. पलीकडच्याला वाटले, हा आता उलट आपल्याला चिडवतो आहे. त्याने कानांत कापूस घातला आणि कूस बदलली. सकाळी झाडणारी बाई किल्ली घेऊन आली तेव्हा उलगडा झाला. प्राण वाचले, पण रात्र त्या ओल्या फरशीवर गेली.

आम्ही गेलो तेव्हा त्या दोघांना पाहिले. एक चाकाच्या खुर्चीत, दुसरा ती ढकलणारा. रोज संध्याकाळी तो त्याला खाली आणतो. मित्राच्या मध्यस्थीने आमचे चार शब्द झाले. तो ढकलणारा म्हणाला, “आवाज मी ऐकला होता. ऐकूनही गेलो नाही.” एवढेच बोलला. आम्ही कीर्तनकार, शब्दांवर पोट भरणारे. आम्हांला त्याला द्यायला एक शब्द सापडला नाही.

आता कोणी शंका घेईल, की बुवा, हरिकथा सोडून हे जोडे, ठोके, कुत्रे काय घेऊन बसलात? मोठ्या पापांवर बोला. समाधान असे. मोठे पाप माणूस ओळखतो, त्याची लाज धरतो. बारीक राग मात्र चपलेतल्या खड्यासारखा असतो. थांबून काढावा इतका मोठा वाटत नाही आणि मैलभराने पाय रक्तबंबाळ करतो. गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाची लक्षणे सांगितली, त्यांचा आरंभ अमानित्वापासून आहे. अहिंसा नि क्षमा त्याच रांगेत आहेत. आणि ज्ञानोबारायांनी त्या अहिंसेचा विस्तार केला तो युद्धाच्या प्रसंगावर नव्हे, तर संत पाऊल कसे टाकतो, बोलतो कसा, पाहतो कसा, अशा रोजच्या हालचालींवर. म्हणजे ज्ञानाची परीक्षा दारातल्या जोड्यापाशी होते. समुद्रमंथनातही अमृताआधी विषच वर आले ना? चार माणसे एकत्र राहिली की घुसळण होणारच. विष निघाले म्हणून दोरी टाकून पळू नये, आणि ते शेजाऱ्याच्या अंगावरही ओतू नये.

मग कुरकुर करायचीच नाही काय? तसे नव्हे. आपल्या वारीची रीत आठवा. दिंडीत काय थोडे रुसवे असतात? टँकरपाशी कोणी मध्येच घुसतो, कोणी दुसऱ्याच्या पथारीवरून चिखलाचे पाय नेतो, घोरणारा तर प्रत्येक राहुटीत एक असतोच. पण माउलींच्या पालखीत मुक्कामाला समाज आरतीच्या वेळी काय होते? चोपदार दंड उंच करतात, सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजत राहतात. चोपदार तिकडे जातात, ऐकून घेतात, मिटवतात, मगच आरती. पाहा केवढा विचार आहे! तक्रार दाबायची नाही, तशी ती उद्यावरही न्यायची नाही. सर्वांच्या देखत, त्याच संध्याकाळी, टाळाच्या आवाजात ती सांगायची. त्या दोन म्हाताऱ्यांमध्ये कोणी चोपदार असता तर भिंतीवरचा ठोका कशाचा आहे, हे पहिल्या आठवड्यातच कळले असते.

आणि जिथे भिडेमुळे कोणाचेच टाळ वाजत नाहीत, तिथे? तिथे पाहुण्याने स्वतःचाच चोपदार व्हावे. रोज संध्याकाळी क्षणभर दंड उंच करून मनाला विचारावे, की आज माझ्यामुळे कोण हसून गप्प बसले?

आपल्यापैकी कितीतरी जणांची मुले आज अमेरिकेत, दुबईत, ऑस्ट्रेलियात आहेत. तुम्ही सहा-सहा महिने तिकडे राहता. सुनेचे स्वयंपाकघर, जावयाची शिस्त, नातवंडांचे बंद दार, शेजाऱ्यांची शांतता, सगळेच निराळे. तिथे तुम्ही आईबाप आहात हे खरे, पण त्या घरात तुम्ही पाहुणेही आहात. ‘आमच्याकडे असे नसते’ हे वाक्य विमानात चढण्यापूर्वी चंद्रभागेत सोडून द्या. काही खुपले तर त्याच दिवशी, गोड शब्दांत सांगा. आणि भिंतीवर ठोका ऐकू आला तर आधी उठून दार उघडा. राग पुढे करता येईल.

जाता जाता एक सांगतो. तिकडच्या बोलीत गोऱ्या माणसाला ‘फरांग’ म्हणतात आणि आपल्या हिंदी लोकांना ‘खेक’. या दुसऱ्या शब्दात थोडी टिंगल असते, म्हणून आमच्या मित्राला सुरुवातीला त्याचा राग येई. पुढे त्याला कळले की त्या शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा. निघताना ती भातवाली बाई मुलाला घेऊन आली. मुलाने आम्हांला हात जोडले आणि आईला काहीतरी विचारले. मित्र हसून म्हणाले, “खेकआजोबा परत कधी येणार, असे विचारतो आहे.” आमचा हात सवयीने उचलला गेला. तो वाटेतच थांबवून आम्ही दोन्ही हात जोडले.

परवा पंढरीस गेलो तेव्हा गाभाऱ्यात नजर आधी विटेवर गेली. एवढीशी ती जागा. तेवढ्यात ज्याचे भागते, तोच पाहुणा घरचा धनी होतो.

रामकृष्णहरि.