फुलाचा सापळा, माणसाचा सापळा

सह्याद्रीत कंदीलपुष्पाची वेल वाढते. वासाने ओढलेली बारीक माशी फुलाच्या नळीत शिरते. आतले केस खाली वळलेले. परत फिरता येत नाही. पुढे केस सुकतात, माशी पराग घेऊन सुटते.

मग फूल कपटी म्हणावे काय? नाही. तथागतांनी चेतनेलाच कर्म म्हटले. फुलाला हेतू नसतो.

डहाणू-तलासरीच्या जमीनदार-सावकारांना मात्र हेतू होता. लग्नासाठी कर्ज देऊन त्यांनी वारली जोडप्यांना लग्नगडी केले. हे केस आपोआप सुकणारे नव्हते. १९४५ साली झरी येथे किसान सभेच्या परिषदेत वारल्यांनी वेठ नाकारली, तेव्हा सापळा मोडू लागला.

बंधूंनो, फुलाचा सापळा काळ उघडतो. माणसाचा सापळा माणसालाच मोडावा लागतो.