गहाण काय ठेवलं?

मंगळवार पेठेत, खासबाग मैदानाजवळ माझं घर. गेल्या महिन्यात आमचं रिलीज फसलं. कॉलवर मी, टीम लीड, ज्युनिअरचं नाव सांगून मोकळा झालो. कोड त्याचाच होता. पण तपासून मंजूर मीच केला होता.

संध्याकाळी मैदानावरून जाताना खाशाबा जाधव आठवले. १९५२ साली त्यांना हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे कमी पडत होते. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं. पण घर गहाण टाकताना पदकाची खात्री कुठे होती?

दुसऱ्यावर विश्वास टाकायचा, तर आपलंही काही पणाला लागायला हवं. माझं तर फक्त अप्रेझल होतं. दुसऱ्या दिवशी कॉलवर म्हणालो, ‘चूक माझीही आहे.’